मान, सांधे आणि कामाचे जनावर

भंडारा जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकण्याची रीत आहे. हळद आणि तूप किंवा तेल लावून खांदा चोळतात, उबदार पाण्याने शेकतात आणि दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पोळा श्रावण अमावास्येला येतो. धानाच्या बांध्यांतील चिखलणी आणि रोवणी आटोपल्यानंतरचे हे दिवस असतात. आठवडेच्या आठवडे गुडघाभर चिखलात ओढकाम केलेल्या जनावराला नेमक्या त्या वेळी विसावा मिळतो. काम करणाऱ्या जनावराचे दुखणे आधी मानेत आणि सांध्यांत उतरते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या रीतीमागे आहे.

मात्र शेकण्याने काय बरे होते आणि काय होत नाही, हे समजण्यासाठी सांध्याची रचना पाहावी लागते. त्यासाठी आपण बैलाबरोबर सवारीच्या घोड्याचाही विचार करणार आहोत. घोड्याच्या संधिविकारांचा अभ्यास जगभर फार बारकाईने झालेला आहे, आणि त्यातून निघालेली बहुतेक तत्त्वे बैलालाही लागू पडतात.

खांदा कोणता, गुडघा कोणता?

आपण ज्याला बैलाचा खांदा म्हणतो, तो शरीरशास्त्राच्या दृष्टीने मानेचा, वशिंडापुढचा वरचा भाग होय. खरा खांद्याचा सांधा खाली, पुढच्या पायाच्या वरच्या टोकाशी असतो. तसेच घोड्याच्या पुढच्या पायाचा ‘गुडघा’ म्हणजे आपले मनगट, आणि मागच्या पायाचा उलट वाकणारा सांधा म्हणजे आपला घोटा. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, आपल्या मधल्या बोटाच्या जागी असलेल्या बोटावर उभा असतो. बैल उभा असतो दोन बोटांवर. मानेत मात्र घोडा, बैल, जिराफ, उंदीर आणि माणूस या सर्वांना मणके सातच असतात. इतक्या लांब मानेत मणके सातच, तेव्हा प्रत्येक सांध्यावर पडणारे काम किती, याची कल्पना यावी.

सांधा झिजतो म्हणजे काय?

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. तिच्या वजनात सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते. तिच्यात रक्तवाहिन्याही नसतात आणि चेतातंतूही नसतात. मग तिला पोषण कसे मिळते? पाण्यात भिजवलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर येते, सोडला की पुन्हा आत शिरते. चालताना कूर्चेचे असेच होते. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की सांध्यातील द्रवातून अन्नद्रव्ये शोषून घेते. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत दाखवता येईल.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली, रक्तपुरवठा नसल्यामुळे कूर्चा एकदा झिजली की जवळजवळ भरून येत नाही. दुसरी, चेतातंतू नसल्यामुळे झीज सुरू झाल्याचे जनावराला कळत नाही. सांध्याचे आवरण सुजते आणि खालचे हाड उघडे पडू लागते, तेव्हा दुखणे सुरू होते, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. तिसरी, पूर्ण विश्रांती हा उपाय नव्हे, कारण न हलणारा सांधा उपाशी राहतो. एका जागी बांधून ठेवलेले जनावर म्हणूनच अधिक आखडते.

शेकण्याने कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो, स्नायू सैल होतात, जनावराला आराम पडतो. जुन्या, आखडलेल्या दुखण्यावर ते उपयोगी आहे. ताज्या सुजेवर मात्र पहिले एकदोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. पण झिजलेली कूर्चा दोन्हींपैकी कशानेही परत येत नाही. म्हणून संधिवाताची सारी व्यवस्था म्हणजे सांध्यावरच्या भाराची व्यवस्था होय.

जू आणि खोगीर

बैल दीर्घकाळ ओढू शकतो ते बल त्याच्या वजनाच्या साधारण १० ते १२ टक्के धरतात. ३०० किलो वजनाचा बैल म्हणजे सुमारे ३० किलो ओढ. ही ओढ जुवाखालच्या, समजा, ६० चौरस सेंटीमीटर जागेवर पडते. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५०० ग्रॅम दाब झाला. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब याच मापात ४० ग्रॅमच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याच्या दहापटीहून जास्त असल्याने तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा ओढ चालू असेतो थांबतो. वारंवार असे झाले की खांदा सुजतो, कातडी जाड होते, जखमा पडतात. जू गुळगुळीत व रुंद केले आणि टेकणारी जागा दुप्पट झाली की दाब निम्मा होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हा धडा शिकवायला याहून जवळचे उदाहरण क्वचित सापडेल.

जोडी उंचीने आणि ताकदीने बरोबरीची नसेल तर जू तिरपे बसते. एका बैलावर भार जास्त येतो आणि त्याची मान सतत एका बाजूला पिळली जाते. चिखलणीत खूर रुतून उपसताना पाय वळतो, तर उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर बंडी ओढताना प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यात जातो.

घोड्याची गोष्ट थोडी वेगळी. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो, आणि स्वाराचे वजन त्यात भर घालते. मानेचा उपयोग घोडा तोल सांभाळण्यासाठी करतो. लगाम आखडून ती सतत वाकवून धरली की ताण पडतो तो मानेच्या तळाशी. घोड्याच्या मानेतील संधिवात बहुधा पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधील सांध्यांत आढळतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या चढउतारांवर पर्यटकांना नेणारा घोडा असो किंवा वरातीत बँडच्या गलक्यात लगाम आखडून तासन्‌तास उभी केलेली घोडी असो, भार याच जागी साचतो.

दुखणे ओळखायचे कसे?

जनावर दुखणे लपवते, पण चाल लपवू शकत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना जनावर डोके वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली आणते. विद्यार्थ्यांनी कडक, सपाट जागेवर समोरून पाहिले तर ही लय सहज दिसते.

मान दुखणारा घोडा जमिनीवरचे गवत खाताना पुढचे पाय फाकवतो किंवा खायचे टाळतो, एका बाजूला वळायला नकार देतो, ठेचकाळतो. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या नसा मानेच्या तळाशीच निघतात. त्यामुळे दोष मानेत आणि लंगडणे पायात असेही घडते. मणक्याच्या वाढीने मज्जारज्जू दाबला गेला तर मागचे पाय झुलू लागतात. अशा घोड्यावर बसणे स्वारालाही धोक्याचे आहे.

प्रत्येक लंगडणे म्हणजे संधिवात नव्हे, हेही लक्षात ठेवावे. खुरात खडा किंवा खिळा रुतलेला असू शकतो. लाळ-खुरकुतात खुरे दुखतात. फऱ्या रोगात जनावर एकाएकी लंगडते, ताप येतो, मांडी किंवा फरा सुजतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. वासराचे सांधे सुजले असतील तर नाळेतून गेलेला जंतुसंसर्ग कारण असू शकतो. म्हणून निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

रोजची व्यवस्था

जनावराचे वजन वाढू देऊ नये. खुरे वेळच्या वेळी साळून घ्यावीत, कारण वाढलेले खूर प्रत्येक पावलाला सांधा तिरपा करते. कामाआधी दहापंधरा मिनिटे मोकळे चालवावे आणि कामानंतरही एकदम उभे करू नये. रोज थोडे काम चांगले, चार दिवस बांधून पाचव्या दिवशी दिवसभर जुंपणे वाईट. मान दुखणाऱ्या जनावराची गव्हाण आणि पाणी छातीच्या उंचीवर ठेवावे. खाली मऊ, कोरडा बिछाना असावा. गाजर किंवा गवताची पेंडी दाखवून मान हळूहळू दोन्ही बाजूंना वळवून घेण्याचा व्यायाम घोड्यांना देतात. जनावर स्वतः वळेल तेवढेच वळू द्यावे, ओढू नये.

औषधाची दुसरी बाजू

वेदनाशामक औषधे सूज आणि दुखणे कमी करतात, झीज थांबवत नाहीत. घोड्यांना वर्षानुवर्षे दिले जाणारे फिनाइलब्युटाझोन जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ दिले तर जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. दुखणे हा जनावराचा लगाम असतो. तो औषधाने काढून घेतला आणि जनावर पुन्हा जुंपले, तर उरलीसुरली कूर्चाही जाते. वेदना दाबून काम करून घेणे आणि काम कमी करून वेदना कमी करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या औषधांचा एक परिणाम गोठ्याबाहेरही झाला. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे बैल-गायींच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचले जाऊ लागले. त्याच काळात गिधाडे नाहीशी होऊ लागली. तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून कारण दाखवून दिले. औषध टोचल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि यकृत, हृदय यांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. हेच आम्ल माणसाच्या सांध्यात साचले की गाउट होतो. सांधेदुखीच्या औषधाने गिधाडांना गाउट व्हावा, हा निसर्गातील विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. शंभरात एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिताने दिसून आले.

भारतात २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्या ३ मिलीलिटरपुरत्या मर्यादित केल्या गेल्या. २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांनाही जनावरांसाठी बंदी झाली. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले आहे, आणि गुरांच्या दुखण्यावर ते गुणकारीही आहे. २०२४ साली पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे भंडाऱ्यापासून फार दूर नसलेल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. मोकळी सुटलेली गिधाडे जिल्ह्यांच्या सीमा पाळत नाहीत. ती जगणार की नाही, हे गावोगावच्या गोठ्यांत कोणती सुई टोचली जाते यावर अवलंबून आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक छोटी पाहणी करून घ्यावी. गावातील जोड्यांच्या जुवाची टेकणारी जागा मोजावी, बैल चालताना डोक्याची लय पाहावी, खुरे साळली आहेत का ते नोंदवावे. आणि लंगड्या बैलाला सुई दिली असेल तर कुपीवरचे औषधाचे नाव वहीत उतरवून घ्यावे. त्या यादीत बंदी असलेले नाव आढळले तर ती वही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर दाखवावी.