शाबासकी आणि दटावणी यांपलीकडे
उत्तम प्रशिक्षक म्हणजे मैदान दणाणून सोडणारा माणूस, ही समजूत मला तपासून घ्यावीशी वाटते. जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७४-७५च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या संशोधकांनी सरावातील त्यांच्या २,३२६ शिक्षणकृती नोंदवल्या. त्यांत स्तुती आणि नापसंती प्रत्येकी सात टक्क्यांच्या आत. बहुतेक बोलणे नेमक्या, त्रोटक सूचनांचे. चूक दिसली की वुडन आधी बरोबर कृती करून दाखवत, मग खेळाडूची चूक, पुन्हा बरोबर कृती. सारे काही सेकंदांत. शाबासकीने हुरूप येतो, दटावणीने धाक बसतो. पण पाऊल नेमके कुठे टाकायचे, हे दोन्हींतून कळत नाही. माझ्या मते, प्रशिक्षकाची खरी परीक्षा तिथेच होते.