सातपुड्यातील वणवे आणि नियंत्रित ज्वलन : धडगाव परिसराच्या विशेष संदर्भात

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले आहे. येथील वने शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, अंजन, सालई, मोह हे वृक्ष आढळतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. पानझडी वनांतील वणवा बहुधा शेंड्यांपर्यंत न जाता पाचोळ्यातून जमिनीलगत पसरतो. चढावर मात्र त्याचा वेग वाढतो, कारण ज्वाला वरच्या बाजूचा पाला आधीच तापवितात.

या आगींचे एक महत्त्वाचे कारण मोहाशी निगडित आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची प्रथा मध्य भारतातही दिसते. तिला केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल; जागा व हेतू निश्चित करून लावलेली ती आग असते. दोष वेळेचा आहे. पाला पूर्ण वाळल्यावर लावलेली आग धुमसत राहून जंगलात शिरते. सागाचे रोप जळाले तरी मुळापासून पुन्हा फुटते, मोहाची कोवळी रोपे मात्र दरवर्षीच्या आगीत टिकत नाहीत. ज्या झाडावर कुटुंबाचा उन्हाळा निभावतो, त्याचीच पुढची पिढी अशा रीतीने खुंटते.

संपूर्ण अग्निबंदीचा प्रयोगही सातपुड्यातच झाला. १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सन यांनी आजच्या मध्य प्रदेशातील बोरी वन आगीपासून राखून दाखविले आणि अग्निसंरक्षण हे शासकीय धोरण बनले. पुढे ब्रह्मदेशात सागाचे व आसामात सालाचे नैसर्गिक पुनरुत्पादन अशा संरक्षणाखाली मंदावल्याचे आढळले, तेव्हा वनाधिकारी हंगामाच्या आरंभीच्या सौम्य ज्वलनाकडे वळले. आज शासकीय नियंत्रित ज्वलन मुख्यत्वे जाळरेषांपुरते उरले आहे.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. परंतु वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेली कृती त्यातून वगळली आहे. वनहक्क कायदा, २००६ ने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला. या दोन तरतुदी जोडल्यास ग्रामसभेला मोहाखालचा पाला झाडून ढीग करून, दव असताना, माणसे उभी ठेवून जाळता येईल. छत्तीसगडमध्ये झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करण्याचा उपाय अवलंबिला गेला आहे. तेथे आगीची गरजच उरत नाही.