बी.एड.नंतर आणखी दोन वर्षे कशासाठी?



शिरोळच्या मंडळीत मदतनिधीचा हिशेब वाचून दाखवत होतो, तेव्हा एका मावशींनी विचारले, “पोरगी बी.एड. झाली, आता नोकरीला लागू दे. आणखी दोन वर्षे तंत्रज्ञान शिकून काय करणार?” प्रश्न रास्त आहे. ही मुलगी नंदुरबार जिल्ह्यातली. घरी पावरी बोलतात. आपण सातवीपासून तिला मदत करतो आहोत.

शिक्षण-तंत्रज्ञान म्हणजे संगणक दुरुस्ती नव्हे. मूल कुठे अडते ते पाहून धडा तयार करायचा, त्याला आवाजाची आणि चित्रांची जोड द्यायची आणि मूल खरोखर शिकले का ते तपासायचे, असा हा विषय आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा पुष्कळ झाली. पण त्याआधी मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते स्वतः ती भाषा शिकले आणि पुस्तकांचे भाषांतर केले. आपल्या सीमाभागात हे पटकन समजते. पाड्यावरच्या मुलांची अडचणही हीच असते. पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते. पावरी जाणणारी शिक्षिका ध्वनिमुद्रित गोष्टी आणि धडे तयार करू शकली, तर ती अडचण कमी होईल.

यासाठी जवळचा मार्ग म्हणजे एम.एड. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ही पदवी घेता येते. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यात माहिती-तंत्रज्ञानाचा भाग असतो आणि शोधप्रबंध लिहावा लागतो. प्रबंधासाठी शिक्षण-तंत्रज्ञानाचा विषय निवडता येतो. प्रवेशासाठी बी.एड.ला साधारण ५० टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गाला नियमानुसार सवलत असते. राज्याची सीईटीही द्यावी लागते. पुढे नेट किंवा सेट उत्तीर्ण झाल्यास बी.एड. महाविद्यालयात शिकवण्याची वाट खुली होते. म्हणजे एक शिक्षिका अनेक शिक्षक घडवू शकते.

शुल्काचा भार बराचसा हलका होऊ शकतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५० लाखांपर्यंत असेल, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पात्र विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. मात्र पैसे खात्यावर येईपर्यंत मेसचे बिल थांबत नाही.

दुसरी अडचण कागदांची. जमातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते. दोन वर्षांपूर्वी ते वेळेत हाती नसल्याने आपल्या एका मुलाचे वर्ष वाया गेले. अर्ज उशिरा केला, ही चूक आमचीच होती. आता आम्ही अकरावी-बारावीतच वाडवडिलांचे शाळेचे दाखले गोळा करून अर्ज भरून घेतो.

आपली मदत बहुधा दहावी-बारावीपर्यंत जोरात असते, पुढे ती आटते. म्हणून विनंती आहे की, एखाद्या कुटुंबाने किंवा महिला मंडळाने एका विद्यार्थ्याच्या पहिल्या सहा महिन्यांच्या मेसची जबाबदारी घ्यावी. कुणाकडे चांगला वापरलेला लॅपटॉप असेल तर तोही द्यावा. मंडळीत निवृत्त शिक्षक बरेच आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास सीईटीची तयारी करून घेतली तरी मोठे काम होईल.

मावशींना मी एवढेच सांगितले, “ती नोकरी करीलच. पण तिच्या पाड्यावरच्या पहिलीच्या मुलांना तिच्यासारखे अडखळावे लागू नये, म्हणून ही दोन वर्षे.” या मुलीची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.