आज्ञावलीच्या आकलनासाठी नवी साधने. काशीच्या व्याकरणपरंपरेशी साधर्म्य

मणिकर्णिका घाट म्हटला की अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या त्याच्या जीर्णोद्धाराचे स्मरण होते. याच काशीनगरीत नागेशभट्ट काळे या मराठी वैयाकरणाने अठराव्या शतकाच्या सुमारास ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ रचला. पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांचा अर्थ कोणत्या तत्त्वांनी लावावा, याची चिकित्सा त्यात आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास मदत करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे आज असाच प्रश्न आहे.

पाणिनीच्या एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत गृहीत धरले जाते. यास अनुवृत्ती म्हणतात. त्यामुळे सुटे सूत्र वाचून अर्थ लागत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरचेही तसेच असते. व्याज आकारणारे फंक्शन एका फाइलमध्ये, व्याजदर दुसऱ्या फाइलमध्ये, तर त्यांचा वापर अनेक ठिकाणी होतो. कृत्रिम बुद्धिमत्ता एका वेळी मर्यादित मजकूरच विचारात घेऊ शकते. लाखो ओळी त्यात मावत नाहीत. परिणामी, एका फाइलपुरती योग्य ठरलेली दुरुस्ती अन्यत्र खातेदाराचा हिशेब चुकवू शकते.

यावर उपाय म्हणून विश्लेषक साधने वापरली जातात. ‘ट्री-सिटर’ आज्ञावलीची व्याकरणदृष्ट्या फोड करते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’मुळे एखाद्या नावाची व्याख्या कोठे आहे आणि ते कोठे वापरले आहे, हे शोधता येते. या माहितीवरून सूची व परस्परसंबंधांचा आराखडा तयार होतो आणि आवश्यक तेवढाच भाग सहायकापुढे ठेवला जातो. भट्टोजी दीक्षितांनी ‘सिद्धान्तकौमुदी’त सूत्रांची विषयवार मांडणी केली, तिचा उद्देशही आकलन सुलभ करणे हाच होता.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता तिचे दोष शोधणाऱ्या साधनांवर संशोधन झाले आहे.

मात्र या साधनांना मर्यादा आहेत. काही संबंध आज्ञावली चालू असतानाच ठरतात. ते केवळ वाचनाने सापडत नाहीत. सूची अद्ययावत नसल्यास सहायकाला जुनीच माहिती मिळते. शिवाय, एखादा नियम मुळात का केला, याची नोंद आज्ञावलीत असतेच असे नाही. त्यामुळे प्रत्येक बदलाची चाचणी घेणे आणि जाणकाराने तो तपासणे अनिवार्य ठरते.