चारशे तेहतीस आणि चौदा

३ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात माइक हेस्मन बॅटिंगला आला, तेव्हा तिन्ही बेसवर त्याच्याच संघाचे खेळाडू होते. वय ३७, उंची सहा फूट पाच इंच. पिचर होता लीहाय व्हॅली संघाचा डस्टिन मॅकगोवन. हेस्मनने टोलावलेला चेंडू कुंपणापार गेला आणि अमेरिकेतल्या मायनर लीगमधला सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडला. बझ आर्लेटने १९१८ ते १९३७ या काळात ४३२ होम रन मारले होते. हेस्मनचा हा ४३३ वा, आणि शेवटचाही. मोसम आणखी महिनाभर चालला, पण त्याचा आकडा पुढे सरकला नाही. त्यानंतर तो निवृत्त झाला.

याच माणसाचे मेजर लीगमधले होम रन किती? १४. सामने १०९.

२० वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळलेल्या माणसाची कारकीर्द या दोन आकड्यांमध्ये बसते, आणि मला तिचं अप्रूप वाटत आलं आहे. ज्या लीगमध्ये त्याच्याइतके होम रन कुणी मारले नाहीत, त्याच्या एकच पायरी वर त्याला पाय रोवता आले नाहीत. असं कसं होतं?

त्यासाठी आधी ही शिडी पाहायला हवी. मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या हाताखाली छोट्या शहरांमधले संघ असतात: सर्वांत खाली नवोदितांचे, मग सिंगल-ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. टोलेडो मड हेन्स हा डेट्रॉइट टायगर्सचा ट्रिपल-ए संघ. दोन्ही शहरांत मोटारीने जेमतेम तासाभराचं अंतर. आपल्याकडे रणजी खेळणारा निदान मुंबईसाठी, विदर्भासाठी खेळतो आणि करंडक जिंकला तर त्याच्या भागात गुलाल उधळला जातो. मायनर लीगचा संघ मात्र मुळात वरच्या क्लबला खेळाडू पुरवण्यासाठी चालतो. अंतिम सामना तोंडावर आला असला आणि तुमचा सर्वोत्तम फलंदाज वर हवा असला, तर फोन येतो आणि तो जातो. टोलेडोच्या व्यवस्थापकाला नाही म्हणायची सोय नाही.

म्हणूनच मायनर लीगमध्ये होम रनचा मोठा विक्रम होणं जवळजवळ अशक्य असतं. जो धडाधड होम रन मारतो त्याला वर उचलतात, आणि वर टिकला तर तो परत येत नाही. जो मारत नाही त्याला नारळ मिळतो, कारण दर उन्हाळ्यात १८-२० वर्षांची नवी पोरं दारात उभी असतात. ४३३ पर्यंत पोचायचं तर या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात वर्षानुवर्षं राहावं लागतं: क्लबला सोडवणार नाही इतकं चांगलं, पण वरची जागा पक्की होणार नाही इतपतच. हेस्मनला १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अटलांटा ब्रेव्ह्जने १५ व्या फेरीत निवडलं. तिथपासून २०१५ पर्यंत तो या पट्ट्यात राहिला. हा विक्रम करायचा असं ठरवून कुणी बेसबॉल खेळायला लागत नाही.

तो इनफिल्डर होता, म्हणजे बेसच्या आसपास क्षेत्ररक्षण करणारा, मुख्यतः थर्ड बेसवरचा. इनफिल्डरची कारकीर्द भूमितीवर चालते. एका बेसपासून दुसरा ९० फूट, म्हणजे २७ मीटर ४३ सेंटिमीटर. उजव्या हाताने खेळणारा मेजर लीगचा फलंदाज चेंडू टोलवून फर्स्ट बेसवर साधारण ४.३ सेकंदांत पोचतो. आता थर्ड बेसवाल्याकडे एक मरतुकडा चेंडू घरंगळत येतो आहे. त्याने पुढे धावायचं, ग्लव्ह न वापरता उघड्या हाताने चेंडू उचलायचा, आणि अंग तोलाबाहेर असतानाच मैदानापलीकडच्या फर्स्ट बेसकडे फेकायचा. थर्डपासून फर्स्टपर्यंत सरळ रेषेत अंतर ३८ मीटरहून अधिक. हे सगळं त्या ४.३ सेकंदांच्या आत. दुसऱ्याच क्षणी तिथेच ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने फटका अंगावर येऊ शकतो. बेसबॉलवाले या जागेला ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात.

इनफिल्डच्या जागांना चढउतार असतो. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली शॉर्टस्टॉपची जागा सर्वांत अवघड, म्हणून तिथल्या खेळाडूची बॅट थोडी कमजोर असली तरी चालतं. सेकंड आणि थर्ड बेस त्याखाली, फर्स्ट बेस सर्वांत सोपी. वय वाढलं, पाय जड झाले की खेळाडू या उतारावरून फर्स्ट बेसकडे सरकतो. हेस्मनही पुढे तिथे बराच खेळला. पण जागा जितकी सोपी तितकी बॅटीकडून अपेक्षा जास्त. म्हणजे वय वाढतं तशी परीक्षा सोपी न होता कठीण होत जाते!

त्यात दारात उभं कोण होतं बघा. अटलांटात चिपर जोन्स. २००५ पासून टायगर्सकडे, तर २००८ मध्ये तिथे मिगेल काब्रेरा आला. आधी थर्डवर, मग महिनाभरातच फर्स्टवर. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, तर थर्डवर डेव्हिड राइट. २००७ मध्ये हेस्मनने टोलेडोसाठी ३१ होम रन मारले आणि तो इंटरनॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही वर जायचं ते तात्पुरतं, कुणीतरी जायबंदी झालं म्हणून.

पण सगळा दोष दारांना देणं खरं नाही. मेजर लीगमधली त्याची सरासरी .१८८ होती: २२३ वेळा खेळून ४२ हिट. पिचरपासून फलंदाजापर्यंत अंतर साधारण साडेअठरा मीटर. ताशी १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला त्यातला निम्माही वेळ हाती नसतो. एवढा वेग ट्रिपल-एच्या पिचरकडेही असतो. फरक असतो अचूकतेत. खालचा पिचर कधी ना कधी चूक करतो, चेंडू मधोमध येतो आणि हेस्मनसारखा माणूस तो प्रेक्षकांत पाठवतो. वरचा पिचर अशी चूक फार क्वचित करतो, आणि तुमचं एक कच्चं ठिकाण सापडलं की पुनःपुन्हा तिथेच टाकत राहतो. हेस्मन खालीही भरपूर स्ट्राइकआउट व्हायचा. वर तेच नडलं.

आणि तरीही २२३ मध्ये १४ होम रन म्हणजे दर १६ वेळांना एक. मेजर लीगचा दिग्गज हँक एरनने तिथे ७५५ होम रन मारले. त्याचं प्रमाण दर १६.४ वेळांना एक असं पडतं. इतक्या थोड्या सामन्यांवरून दोघांना एका पंक्तीत बसवता येणार नाही, हे उघड आहे. पण चेंडू बॅटीला नीट लागला की किती लांब जायचा, याचा हा चोख पुरावा आहे.

पैशांची गोष्टही याच पायरीवर फिरते. २०१५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ५,०७,५०० डॉलर होता. तिथे ४३ दिवस नोंदले गेले की पेन्शनचा हक्क मिळतो. फिरस्त्या खेळाडूसाठी सप्टेंबरमधला तीन आठवड्यांचा बोलावाही घर सावरणारा ठरतो.

एक दार मात्र तो खाली होता म्हणूनच उघडलं. ऑलिंपिकसाठी मेजर लीगने तेव्हा आपला मोसम थांबवला नाही. त्यामुळे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला अमेरिकेने मायनर लीगचे खेळाडू पाठवले, शिवाय एक महाविद्यालयीन पिचर, स्टीफन स्ट्रासबर्ग. त्या संघात हेस्मन होता. जपानला हरवून त्यांनी कांस्यपदक आणलं. त्यानंतर २०११ चा मोसम त्याने जपानमध्येच ओरिक्स बफेलोज संघाकडून काढला, मग ओक्लाहोमा सिटी, लुइव्हिल, आणि फिरून टोलेडो. निवृत्तीनंतर टायगर्सने त्याला खालच्या संघांमध्ये फलंदाजीचा प्रशिक्षक नेमलं.

विक्रमाबद्दल बोलताना मी मुद्दाम ‘अमेरिकेतल्या मायनर लीग’ असं म्हटलं आहे. मेक्सिकन लीगची गणनाही बराच काळ मायनर लीगमध्ये होत असे. ती धरली तर पहिला क्रमांक एक्तोर एस्पिनोचा, ४८४ होम रनचा. चिवावाचा हा खेळाडूही इनफिल्डरच, फर्स्ट बेसवरचा. १९६४ मध्ये तो अमेरिकेत ट्रिपल-एमध्ये जॅक्सनव्हिलकडून थोडे सामने खेळला आणि चांगला खेळला. पुढच्या मोसमासाठी बोलावणं आलं, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि पुढची सुमारे वीस वर्षं मेक्सिकोतच खेळला. मोन्तेरेइमध्ये आणि एर्मोसियोमध्ये लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. एर्मोसियोच्या स्टेडियमला तर त्याच्या हयातीतच त्याचं नाव दिलं गेलं.