गंधकाच्या वाटेनं

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत डोकं सफाचट. बाधितांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं बारसंही उरकून टाकलं. खारपाणपट्ट्यातली गावं म्हटल्यावर पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र गावकऱ्यांच्या घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं; जास्त झालं की केस गळवणारं हे मूलद्रव्य. गहू धुऊन मोजलं, तरी 13.61.

धुऊनही ते जाईना, यात नवल नाही. ते दाण्यावर बसलेलं नव्हतं, दाण्यात मुरलेलं होतं. बावस्करांनी बोट दाखवलं ते पंजाब-हरियाणाकडच्या सेलेनियमयुक्त जमिनींकडे. होशियारपूर, नवांशहर भागातली माती त्यासाठी जुनी प्रसिद्ध आहे. सेलेनियम हा गंधकाचा रासायनिक भाऊबंद. गव्हाची मुळं त्याला गंधक समजून आत घेतात. पुढे, ज्या एन्झाइमचं काम गंधकापासून सिस्टीन हे अमिनो आम्ल बनवण्याचं, ते गंधकाच्या जागी सेलेनियम बसवतं, आणि तेच प्रथिनांत जातं.

सेलेनियमचं हे प्रकरण जनुकीय बदलांचं नव्हे. पण याच एन्झाइमची दुसरी चूक थेट जनुकांना भिडते.

सोडियम अझाइड हे विषारी रसायन एके काळी मोटारींच्या एअरबॅगमध्ये भरलं जायचं. बार्लीचं बी त्याच्या सौम्य द्रावणात भिजवलं की पुढच्या पिढीत हिरवा रंग हरवलेली, बुटकी, तऱ्हेतऱ्हेची रोपं निघतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राबरोबर दिलेल्या ‘टॅग-24’ भुईमुगाच्या वंशावळीत जे काम किरणांनी केलं, ते इथं रसायन करतं. पण अझाइड स्वतः डीएनएला फारसं काही करत नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1983 पर्यंत खरा गुन्हेगार पकडला. तो अझिडोअलॅनिन. सिस्टीन बनवणारं तेच एन्झाइम गंधकाऐवजी अझाइड उचलतं आणि रोपाच्या पेशीतच हा पदार्थ तयार होतो. प्राण्यांमध्ये हे एन्झाइम नसतं, म्हणून अझाइड आपल्याला विष म्हणून मारू शकतं, पण आपली जनुकं तशी बदलत नाही.

आता शेगावच्याच जिल्ह्यातल्या मोताळा-मलकापूरच्या मक्याकडे येऊ. पेरणी झाली की उगवणीआधी अॅट्राझीन मारायचं, हा इथला सरसकट रिवाज. तण मरतं आणि मका जगतो, कारण मक्याला ते पचवता येतं: पानामुळांतली काही द्रव्यं त्यातलं क्लोरीन काढतात, काही एन्झाइम त्याला ग्लुटाथायोन जोडून निकामी करतात. ‘पचवलं’ म्हणजे संपलं, असं आपण धरून चालतो. 1976 साली अमेरिकेत मायकेल प्लेवा आणि जेम्स जेंटाइल यांनी अॅट्राझीन दिलेल्या मक्याचा अर्क यीस्टवर टाकून पाहिला. नुसत्या अॅट्राझीननं जे झालं नव्हतं ते अर्कानं झालं. यीस्टमध्ये जनुकीय बदल वाढले. पचनाच्या वाटेवर मक्यानं काहीतरी नवं घडवलं होतं. यीस्टमध्ये दिसलं म्हणून भाकरी खाणाऱ्याला कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. मात्रा, दाण्यात उरणारा अंश, आपल्या आतड्यात पुढे काय होतं, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत. मला खटकते ती तपासणीची रीत.

ब्रूस एम्स यांनी 1970 च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत रसायन साल्मोनेला जिवाणूंवर टाकतात, आणि शरीरात गेल्यावर त्याचं काय होईल हे कळावं म्हणून सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात. चाचणी उत्तम आहे. पण यकृत उंदराचं आणि तणनाशक पडतं मक्यावर! रोप त्यातून काय घडवतं, हे या नेहमीच्या चाचणीत दिसतच नाही.

प्लेवा यांच्या गटानं मक्याच्या परागकणांवरही अशा चाचण्या केल्या. स्टार्चचं एक जनुक बदललं की परागकणाचा आयोडीनमधला रंग बदलतो: निळा-काळा की तांबूस, एवढंच बघायचं. एका तुऱ्यात लाखो परागकण असतात, त्यामुळे लाखात एखादा बदललेलाही सापडतो. मक्याचा योग्य वाण, सूक्ष्मदर्शक आणि आयोडीन असलं, तर श्रावणात तुरे आले की हे काम तालुक्याच्या महाविद्यालयातही होण्यासारखं आहे. उंदीर लागत नाही.