गोळी सोडू नका, त्रास सांगा

आज आम्ही अशा त्रासांविषयी बोलणार आहोत, जे बाई सहसा कुणाला सांगत नाही.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होतं, सलाईनमधून औषधं होतात, बाई घरी येते. त्यानंतर काही जणींना रोज एक गोळी दिली जाते. पाच वर्षं, कधी दहा वर्षं. कारण काही गाठी बाईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढतात. टॅमॉक्सिफेन ही गोळी ते संप्रेरक गाठीपर्यंत पोचू देत नाही. पाळी गेलेल्या बायांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात, त्यानं ते तयारच कमी होतं.

त्रास सुरू झाला की वाटतं, 'बरी झाले, आता गोळी कशाला?' पण पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या बायांमध्ये, पुढच्या १५ वर्षांत या आजारानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले आहेत. म्हणून गोळी सोडायची नाही, त्रासावर उपाय करायचा.

अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम येतो. सूर्यमाळच्या थंडीतसुद्धा रात्री असं होतं. एक जाड गोधडी घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या, म्हणजे एक काढता येते. कपडे सुती घाला. चहा आणि तिखट कमी करा. लावणीला जाताना पाणी सोबत ठेवा.

लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलनं सकाळी सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. गरम पाण्यानं शेका, हळूहळू हातपाय हलवा, रोज चाला. आपल्या नागलीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतं. भाकरी, आंबील खा. कॅल्शियमची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अंगावरून पांढरं जातं, खालची जागा कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. यात लाज कसली? नर्सताईंना सांगा. त्यासाठी संप्रेरक नसलेली जेली मिळते. चिडचिड होते, झोप येत नाही, तेही सांगा. मनाच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात, म्हणून कुठलंही दुसरं औषध घेताना आधी आपली गोळी दाखवा. झाडपाल्याचं औषध घेत असाल तर तेही लपवू नका.

टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी चुकली तरी दिवस राहू शकतात, आणि पोटातल्या बाळाला धोका असतो. माला-एन किंवा अंतरा इंजेक्शन घेऊ नका. तांबी किंवा निरोध वापरा.

काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, किंवा पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त गेलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. एकच पाय सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर १०८ ला फोन करा.

दिवाळीनंतर आपल्याकडची कितीतरी घरं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. निघण्याआधी पुरतील इतक्या गोळ्या घ्या, कागदपत्रं पिशवीत ठेवा. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. गोळ्यांचं काय, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्रास फारच होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण आपण गुपचूप बंद केली, तर त्यांना कळणार कसं?

गटातल्या बायांना एक सांगणं. आपल्यात अशी कुणी ताई असेल, तर बचतीच्या बैठकीत हळूच विचारा, "गोळी घेतेस ना? काही होतंय का?" तपासणीच्या दिवशी एक जण तिच्यासोबत जा. जव्हार असो की मुंबईचं टाटा रुग्णालय, ती वाट एकटीनं चालायला लांब आहे.